बायबलमधल्या कथेवर ऐतिहासिक कादंबरी लिहायची तर: रूथचं पुस्तक हाताशी घेऊन, टप्प्याटप्प्यानं

बायबलमधल्या प्रसंगांवर लिहिलेली मराठी हस्तलिखितं वाचताना एकच चूक पुन्हा पुन्हा दिसते. लेखक पहिल्या दिवशीच पहिलं प्रकरण लिहायला बसतो. संदर्भ, नकाशा, काळ हे सगळं 'नंतर बघू' म्हणून बाजूला राहतं. मग तिसाव्या पानावर नायिका जात्यावर ओव्या म्हणत दळते, पन्नासाव्या पानावर सोन्याची नाणी मोजली जातात आणि शेवटच्या प्रकरणात एखादी म्हातारी अकराशे वर्षांनी होणाऱ्या येशूच्या जन्मावर प्रवचन देते. एवढं लिहून झाल्यावर दुरुस्ती होत नाही, कारण चुकांवरच प्रसंग उभे असतात.

म्हणून इथे लिहिण्याआधीच्या कामावर जास्त भर आहे. उदाहरण म्हणून जुन्या करारातलं रूथचं पुस्तक घेतलंय: मवाबी विधवा रूथ सासू नामीबरोबर बेथलेहेमात येते, सासऱ्याच्या कुळातल्या बवाज या शेतमालकाशी तिचं लग्न होतं, आणि त्यांचा मुलगा ओबेद पुढे दावीद राजाचा आजोबा ठरतो. नियम एकच पाळायचा: शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, जे सांगितलंय ते हलवायचं नाही, जिथे शास्त्र गप्प आहे तिथे लिहायचं, आणि तिथेही त्या काळात होऊ शकेल तेवढंच लिहायचं.

## टप्पा १: कथा निवडा

आवडती कथा आणि लिहिण्याजोगी कथा एकच असते असं नाही. लिहिण्याजोगी कथा लहान असते, तिच्यात माणसं थोडी असतात आणि न सांगितलेलं बरंच असतं. रूथचं पुस्तक चार अध्यायांचं, ८५ वचनांचं. फिलेमोनाला लिहिलेलं पत्र तर अवघं २५ वचनांचं: एक गुलाम, एक धनी, एक पत्र, आणि पुढे काय झालं त्याचा पत्ता नाही. असा ऐवज कादंबरीला उत्तम.

दावीदाचं सगळं आयुष्य किंवा मिसरमधून निघाल्यापासूनची चाळीस वर्षं पहिल्या पुस्तकासाठी घेऊ नका. तिथे घटना इतक्या आहेत की त्या उरकण्यातच पानं संपतात.

सावधान: येशूला पहिल्याच पुस्तकात मुख्य पात्र करू नका. त्याच्या तोंडी तुम्ही घातलेलं प्रत्येक नवं वाक्य वाचक चारही शुभवर्तमानांशी ताडून बघणार. तो काळच हवा असेल तर कडेचं माणूस निवडा आणि येशूला लांबून दिसू द्या. शिवाय त्या काळावर लिहिताना प्रत्येक परूशी (नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथातला माणूस) कपटी रंगवायची सवय सोडा. ते लेखनालाही मारक आहे आणि यहुदी लोकांवर अन्याय करणारंही.

## टप्पा २: तीन रकाने आखा

हे काम सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं. मोठी वही घ्या, पान आडवं धरा, तीन रकाने पाडा: 'लिहिलंय', 'सूचित आहे', 'मौन'. एकेक वचन घेऊन भरत जा. कमीत कमी दोन मराठी अनुवाद शेजारी ठेवा. बायबल सोसायटीचं पवित्र शास्त्र आणि पंडिता रमाबाईंचा १९२४ सालचा अनुवाद अशी जोडी चालेल. कुठे दोन्हींत फरक दिसला की तिथे मूळ मजकूर अवघड आहे असं समजा आणि टीकाग्रंथ उघडा.

पहिल्या अध्यायाचा नमुना पाहा.

'लिहिलंय' या रकान्यात: शास्त्यांचा काळ (इस्राएलात राजे येण्याआधीचा), दुष्काळ, बेथलेहेमातलं कुटुंब मवाबात (मृत समुद्रापलीकडच्या देशात) गेलं, नामीचा नवरा अलीमलेख वारला, मुलांनी मवाबी बायका केल्या, सुमारे दहा वर्षांनी दोन्ही मुलगेही गेले, देशात पुन्हा भाकर मिळू लागल्याचं नामीच्या कानावर आलं, ती निघाली. अर्पा रडली, सासूचा मुका घेऊन परतली. रूथ राहिली.

'सूचित आहे' यात: पुढे तिसऱ्या अध्यायात बवाज रूथला म्हणतो की तू तरुणांच्या मागे गेली नाहीस, म्हणजे तो स्वतः तरुण नसावा. चौथ्या अध्यायात नामीच्या नवऱ्याच्या जमिनीची गोष्ट निघते, म्हणजे कुटुंब अगदीच भूमिहीन नव्हतं.

'मौन' यात: तिघं पुरुष कशानं मेले? रूथचं वय काय? दहा वर्षांत मूल का नाही? बवाजाला आधी बायको होती का? चौथ्या अध्यायात बवाजाच्या आधी ज्याचा हक्क निघतो तो जवळचा नातेवाईक कोण? त्याचं तर नावही पुस्तक सांगत नाही. तुमची कादंबरी या तिसऱ्या रकान्यात राहते. मात्र मौन दिसलं की लगेच भरलंच पाहिजे असं नाही. त्या नातेवाइकाला नाव न देताच पुस्तक पुढे जातं, त्यात एक बोच आहे. तुम्ही नाव दिलंत तर ती गेली.

तपासा: रूथचा पहिला नवरा कोण, नामीच्या दोन मुलांपैकी महलोन की खिल्योन? पहिल्या अध्यायात जोड्या लावलेल्या नाहीत, उत्तर ४:१० मध्ये (चौथा अध्याय, दहावं वचन) आहे. महलोन. बरेच जण पहिला अध्याय वाचून अंदाजानं खिल्योन लिहितात. एवढी एक गोष्ट पुस्तक न उघडता सांगता आली नाही, तर रकाने अजून भरून झालेले नाहीत.

नावांचंही इथेच उरकून टाका. नामी की नाओमी, बवाज की बोआज, मवाब की मोआब: एक रूप ठरवा, एका कागदावर लिहा, भिंतीला लावा. निम्म्या पुस्तकात एक आणि निम्म्यात दुसरं असं झालं की प्रूफं तपासणारा तुम्हाला शिव्या घालतो.

## टप्पा ३: काळ बांधा आणि हद्दपार वस्तूंची यादी करा

शास्त्यांचा काळ ढोबळमानानं इ.स.पू. १२०० ते १००० या दोन शतकांत धरतात. पुरातत्त्वाच्या भाषेत लोहयुगाचा पहिला टप्पा. नेमकं वर्ष ठरवायच्या फंदात पडू नका. मत्तयाच्या पहिल्या अध्यायातली वंशावळ राहाबेला बवाजाची आई सांगते आणि बवाजापासून दावीद तीन पिढ्यांवर येतो. शास्त्यांच्या पुस्तकातली वर्षं मात्र बेरीज करत गेलं की फार लांब जातात. अभ्यासक यावर वेगवेगळी उत्तरं देतात. कादंबरीत पिढी सांगा, साल सांगू नका.

त्यानंतर यादी. या कथेतून पुढच्या गोष्टी बाहेर काढायच्या:

- नाणी. नाणी पाडायला सुरुवात झाली ती इ.स.पू. सातव्या शतकाच्या आसपास, तीही लिडियात. इथे चांदी तराजूत वजन करून देतात. शेकेल हे वजन आहे, साधारण ११ ग्रॅम.
- यरुशलेमचं मंदिर आणि सभास्थान. मंदिर शलमोनानं बांधलं, सभास्थानं त्याहून कितीतरी नंतरची. पवित्र स्थान म्हणायचं तर शिलो या गावचं.
- सुती कपडे. लोकर आणि अळशीच्या (जवसाच्या) धाग्याचं कापड, एवढंच.
- टोमॅटो, मिरची, बटाटा, मका. हे कोणी मुद्दाम लिहीत नाही, पण 'झणझणीत कालवण' लिहिणारे भेटतात.
- निवडुंग आणि निलगिरी. आजच्या बेथलेहेमच्या फोटोंत दोन्ही दिसतात, म्हणून वर्णनात येतात. फड्या निवडुंग अमेरिकेतून आलाय, निलगिरी ऑस्ट्रेलियातून.

आता जात्याबद्दल. मराठी लेखकाचा पाय इथे हटकून घसरतो, कारण पहाटेची दळण म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे दोन तळ्या आणि खुंटाच येतो. गोल फिरणारं जातं त्या प्रदेशात कित्येक शतकांनी पोचलं. नामीच्या घरात असणार तो लांबट, मध्ये खोलगट झालेला दगड, आपल्या पाट्यासारखा, आणि त्यावर दोन्ही हातांनी पुढे-मागे लोटायचा दुसरा दगड. बाई त्याच्यापुढे गुडघे टेकून बसते. ताण येतो तो गुडघ्यांवर, पायाच्या अंगठ्यांवर आणि पाठीच्या खालच्या भागावर. दोन माणसांच्या भाकरीपुरतं पीठ काढायला बराच वेळ जातो, आणि त्यात दगडाची कचकच उतरते. एवढं कळलं की प्रसंगच बदलतो. समोरासमोर बसून दोघींनी दळत गप्पा मारणं शक्य नाही. एकजण दळणार, दुसरी बाजूला बसून चाळणार किंवा गप्प राहणार. सासू-सुनेच्या त्या शांततेतून तुम्हाला एक पान सहज मिळेल.

सावधान: पुरावा कोणत्या काळचा आहे ते बघूनच वापरा. मवाबच्या मेशा राजाचा कोरीव लेख १८६८ मध्ये दीबोन इथे सापडला. त्यात कमोश या मवाबी देवाचं नाव आहे, इस्राएलशी झालेल्या लढाईची हकिगत आहे, आणि भाषा हिब्रूच्या अगदी जवळची आहे. त्यावरून रूथ आणि नामीला एकमेकींचं बोलणं फारसं अवघड गेलं नसावं, एवढं धरायला हरकत नाही. पण लेख इ.स.पू. नवव्या शतकातला आहे, आपल्या कथेनंतरचा. त्यातली लढाई उचलून रूथच्या बालपणात घालू नका.

## टप्पा ४: हंगाम आणि वाट यांचा तक्ता

या कथेचं घड्याळ म्हणजे शेत. नामी आणि रूथ बेथलेहेमात पोचतात ती सातूच्या कापणीच्या सुरुवातीला, म्हणजे एप्रिलच्या आसपास. रूथ गव्हाची कापणी संपेपर्यंत वेचत राहते, म्हणजे मे-जूनपर्यंत. पाऊस ऑक्टोबर ते एप्रिल, उन्हाळा कोरडाठाक. आपल्याकडच्या पावसाचं वेळापत्रक डोक्यातून काढून टाका. कापणीच्या दिवसांत रूथ पावसात भिजली की अख्खं प्रकरण रद्द. गेझेर इथे १९०८ मध्ये सापडलेल्या चुनखडीच्या छोट्या पाटीवर वर्षातली शेतीची कामं महिन्यांच्या क्रमानं लिहिलेली आहेत, अळशी, सातू, मग पुढचं पीक, मग द्राक्षवेली. तो क्रम वहीत उतरवून घ्या.

वाटेचंही तसंच. बेथलेहेम समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरहून उंच, मृत समुद्राचा काठ सपाटीच्याही चारशे मीटर खाली, आणि पलीकडे मवाबचं पठार पुन्हा उंच. म्हणजे ही वाट आधी उतरणीची, मग उन्हानं भाजणाऱ्या खोऱ्यातून, मग खडी चढण. मृत समुद्राच्या उत्तर टोकाकडून जायचं तर यार्देन नदी ओलांडावी लागते. आणि यहोशवाच्या ३:१५ मध्ये स्पष्ट म्हटलंय की कापणीच्या दिवसांत यार्देन दुथडी भरून वाहते.

हे दोन धागे जुळवा. दोन विधवा, कापणीच्या तोंडावर, भरलेली नदी. रूथच्या पुस्तकात या प्रवासावर एक शब्द नाही. 'दोघी चालत चालत बेथलेहेमात आल्या', बस. तुमच्या कादंबरीतलं सगळ्यात दमदार प्रकरण इथे पडून आहे आणि बहुतेक लेखक 'काही दिवसांनी' लिहून त्यावरून उडी मारतात.

आणखी एक. बेथलेहेमच्या टेकड्यांवरून हवा स्वच्छ असेल तर पूर्वेला मृत समुद्रापलीकडे मवाबचे डोंगर दिसतात. रूथ शेतात वाकलेली असताना तिचं माहेर क्षितिजावर आहे. ते किती वेळा दाखवायचं हा तुमचा संयम. मी म्हणेन, पूर्ण पुस्तकात दोनदा.

तपासा: प्रत्येक प्रकरणाच्या वर तीन गोष्टी लिहा: महिना, दिवसाचा प्रहर, पात्र कुठे उभं आहे. तिन्ही लिहिता आल्या नाहीत तर ते प्रकरण अजून हवेत आहे.

## टप्पा ५: रूढी समजून घ्या, मगच प्रसंग रचा

रूथच्या कथेत तीन रूढी कामाला येतात आणि तिघींची खिचडी होते.

पहिली, सरवा. लेवीय १९:९-१० आणि अनुवाद २४:१९ (लेवीय आणि अनुवाद ही बायबलमधली नियमांची पुस्तकं) यांनुसार शेताची कड कापायची नाही, पडलेली कणसं आणि विसरलेली पेंढी उचलायची नाही. ती उपऱ्यांची, अनाथांची, विधवांची. म्हणजे बवाज रूथला वेचू देतो ही काही त्याची मेहेरबानी नव्हे. त्याचं मोठेपण पुढे आहे: गड्यांना तिच्या अंगाला हात लावू नका म्हणून ताकीद देणं, गड्यांनी भरलेल्या पाण्यातून तिला पिऊ देणं, आणि पेंढ्यांतून मुद्दाम कणसं ओढून टाकायला सांगणं. हक्क कुठे संपतो आणि औदार्य कुठे सुरू होतं, ते वाचकाला दिसलं पाहिजे.

दुसरी, जमीन सोडवणं. लेवीय २५:२५. भाऊबंदापैकी कोणी अडचणीत येऊन जमीन विकली तर जवळच्या नातेवाइकानं ती सोडवायची.

तिसरी, मेलेल्या भावाचं नाव चालवणं. अनुवाद २५:५-१०. निपुत्रिक भावाच्या विधवेशी दिरानं लग्न करायचं आणि पहिला मुलगा मेलेल्याच्या नावानं वाढवायचा.

बवाज महलोनाचा सख्खा भाऊ नाही. चौथ्या अध्यायात दुसरी आणि तिसरी रूढी एकत्र येतात आणि तिथेच खरा पेच आहे. जवळचा नातेवाईक जमीन घ्यायला आधी तयार होतो. बवाज रूथचं नाव काढतो आणि तो मागे सरतो, कारण हिशोब उलटतो: चांदी मोजून शेत घ्यायचं, आणि उद्या रूथला मुलगा झाला की ते शेत त्या मुलाचं, मेलेल्याच्या नावावर. आपल्या स्वतःच्या मुलांच्या वाट्यातून चांदी गेली ती गेलीच. हा माणूस खलनायक नाही, व्यवहारी आहे. गावच्या वेशीवर, दहा वडीलधाऱ्यांसमोर, त्याच्या चेहऱ्यावर हा हिशोब चालू असताना दाखवा. वाचकाला रूढी समजावून सांगायला वेगळा परिच्छेद लागत नाही.

नेहमीची चूक: पायतणाचा प्रसंग. अनुवादाच्या पंचविसाव्या अध्यायात विधवा स्वतः नकार देणाऱ्या दिराचं पायतण काढते आणि त्याच्या तोंडावर थुंकते. रूथच्या चौथ्या अध्यायात तो नातेवाईक आपलं पायतण आपणच काढून देतो, सौदा पक्का झाल्याची खूण म्हणून. थुंकणं नाही, अपमान नाही, रूथ तिथे असल्याचाही उल्लेख नाही. नाट्य वाढवायला दोन्ही मिसळणारे लेखक अर्थच उलटा करून टाकतात.

## टप्पा ६: कोणाच्या डोळ्यांनी?

एकच दृष्टिकोन निवडा, फार तर दोन. रूथ हा उघड पर्याय, पण पुस्तकात ती मोजकंच बोलते आणि तिची निष्ठा आतून उलगडायला गेलं की ती पुतळा होते. नामी जास्त जिवंत आहे. ती कडवट आहे, देवावर उघड चिडलेली आहे, आणि डावपेचही आखते. कापणी करणाऱ्यांवर नेमलेला मुकादम (२:५-६) हाही चांगला साक्षीदार: त्यानं सगळं पाहिलं, समजलं थोडंच. गावातल्या बायका दोनदा येतात, नामी परतल्यावर आणि बाळ झाल्यावर. त्यांचा घोळका म्हणजे गावची जीभ.

कोणीही निवडा, पण त्याला जे ठाऊक असणं शक्य नाही ते त्याच्या डोक्यात घालू नका. ओबेदाला मांडीवर घेतलेल्या नामीला दावीद माहीत नाही. बेथलेहेमात कधीकाळी गोठ्यात कोणी जन्मेल हेही तिला माहीत नाही. ते वाचकाला माहीत आहे, आणि तेवढं पुरतं. 'या बाळाच्या वंशातून...' असं वाक्य लिहायचा मोह झाला की पेन खाली ठेवा.

## टप्पा ७: बोलणं

इथे तीन बाजूंनी घाण शिरते.

एक, महाराष्ट्र. पदर, कुंकू, जोहार, पाटलाचा वाडा. खेड्याचा रंग हवा म्हणून हे येतं आणि यहूदा सातारा जिल्ह्यात जाऊन बसतो. शेतीचे शब्द मात्र बिनधास्त वापरा: विळा, पेंढी, खळं, मळणी, उफणणी. ते काम तिथेही होतं. फक्त कृती ताडून घ्या. आपल्याकडे तिवईवर उभं राहून सुपातून धान्य सोडतात, तिथे लाकडी दाताळ्यानं खळ्यावरचा माल वर उडवतात. भूमध्य समुद्राकडून संध्याकाळी वारा सुटतो, म्हणून बवाज रात्री खळ्यावर आहे.

दोन, कर्मसिद्धांत. 'मागच्या जन्मीचं पाप', 'नशिबाचे भोग', 'ग्रहदशा' ही वाक्यं मराठी जिभेवर इतकी बसलीयत की शोकाच्या प्रसंगात आपोआप येतात. नामी असं बोलणार नाही. ती सरळ म्हणते की परमेश्वराचा हात माझ्यावर उठलाय. तिच्या दुःखाला पत्ता आहे, आणि ती त्या पत्त्यावर तक्रार करते.

तीन, चर्चची भाषा. 'तारण', 'साक्ष', 'प्रभूच्या कृपेनं', 'आशीर्वादित' असे रविवारचे शब्द शेतातल्या गड्याच्या तोंडी ठेवू नका. त्याला पुस्तकानंच बोली दिलीय. बवाज शेतावर येतो तेव्हा तो 'परमेश्वर तुमच्याबरोबर असो' अशा अर्थाचं म्हणतो आणि कापणारे त्याला उलट आशीर्वाद देतात. हा त्यांचा रोजचा रामराम. असाच, चालता चालता, अर्धं लक्ष विळ्याकडे ठेवून म्हटलेला लिहा.

सून सासूला काय म्हणते? 'सासूबाई' म्हटलं की मराठी घर उभं राहतं. नामी सुनांना 'माझ्या मुली' म्हणते, तेव्हा रूथनं 'आई' म्हणावं आणि अहोजाहो करावं, हे कानाला सगळ्यात कमी खटकतं.

रूथचं प्रसिद्ध वचन, तुम्ही जाल तिथे मी येईन, ते वाचकाला पाठ आहे. लग्नपत्रिकांवरही छापतात. ते एकदाच, वाटेवर, धुळीत, धापा टाकत येऊ द्या आणि लगेच पुढचं वाक्य चालू करा. छापील अनुवादातून लांब उतारे जसेच्या तसे घ्यायचे असतील तर प्रकाशकाची परवानगी घ्या. आधुनिक अनुवादांवर स्वामित्वहक्क असतात.

## टप्पा ८: परमेश्वराला कुठे ठेवायचं

ख्रिस्ती लेखक इथे सगळ्यात जास्त घाबरतो, आणि म्हणून सगळ्यात जास्त लिहितो. स्वप्नं, देवदूत, आकाशवाणी, प्रकाशाचा झोत. रूथच्या पुस्तकात यातलं काहीही नाही. निवेदक स्वतः फक्त दोनदा सांगतो की परमेश्वरानं काही केलं: १:६ मध्ये लोकांना भाकर दिली आणि ४:१३ मध्ये रूथला गर्भ राहू दिला. बाकी सगळं माणसं करतात आणि देवाचं नाव माणसांच्याच तोंडी येतं, आशीर्वादात, शपथेत, तक्रारीत. रूथ बवाजाच्याच शेतात पोचते ते तर पुस्तक 'योगायोगानं' झाल्यासारखं सांगतं. तुम्ही तो योगायोग उलगडून दाखवू नका. पुस्तकावर विश्वास ठेवा.

तपासा: हस्तलिखितातल्या सगळ्या प्रार्थना एका रंगानं खुणा करा. एखादी प्रार्थना काढली आणि प्रसंग तसाच उभा राहिला, तर ती काढलेलीच बरी.

## टप्पा ९: लिहिण्याचा क्रम

पहिल्या प्रकरणापासून सुरुवात करू नका. आधी खळ्यावरची रात्र लिहा, कारण ती सगळ्यात अवघड. नामीच्या सांगण्यावरून रूथ न्हाते, तेल लावते, कपडे बदलते, अंधारात जाते, बवाजाच्या पायांवरचं पांघरूण बाजूला करून तिथे निजते. मजकूर मुद्दाम अर्धवट उजेडात ठेवलाय. काही लेखक घाबरून ते शाळेच्या सहलीसारखं करून टाकतात, काही जण नको तेवढं रंगवतात. दोन्ही टाळायचं तर धोका लिहा. पकडली गेली तर परक्या देशातल्या या विधवेचं काय होईल? माणूस माणसाला ओळखण्याइतकं उजाडायच्या आत ती उठून जाते, आणि तिच्या पांघरुणात सातूची सहा मापं बांधलेली असतात. त्या रात्रीचा सूर सापडला की बाकीचं पुस्तक त्या सुरात लिहिता येतं.

त्यानंतर शेतातला पहिला दिवस, मग वेस, मग प्रवास, सगळ्यात शेवटी मवाबातली वर्षं. ती पानं लिहायची वेळ येईपर्यंत त्यातलं किती लागतं ते तुम्हाला कळलेलं असेल. बहुतेक वेळा फार थोडं लागतं.

मोजमाप अंगावर आणून लिहा. २:१७ म्हणतं रूथनं दिवसभर वेचलं, झोडलं, आणि सुमारे एक एफा सातू झाला. एफा म्हणजे साधारण २२ लिटर धरतात, सातूचं वजन तेरा-चौदा किलो. आकडा पानावर नको. तो असा येऊ द्या:

*ऊन कललं तेव्हा तिनं वेचलेलं सगळं एका सपाट खडकावर आणलं आणि काठीनं झोडायला घेतलं. कुसळं बाहीत शिरली, घामट मानेला चिकटली. दाणे फडक्यात लोटून चारी टोकं बांधली, उचलायला गेली तर एका हातानं उचलेना. दुपारच्या जेवणातले उरलेले भाजके दाणे मात्र तिनं त्यात टाकले नाहीत. ते कमरेला वेगळे बांधले होते. चढावर गाठोडं या खांद्यावरून त्या खांद्यावर घेताना दर वेळी तिचा हात आधी कमरेकडे जाई.*

यात वजन आहे, भूक आहे, सासू आहे, आणि तिचं नावही नाही. उरलेल्या दाण्यांचा तपशील माझा नव्हे, २:१४ आणि २:१८ मधला आहे. कमरेची गाठ तेवढी माझी.

## टप्पा १०: वाचून घ्या आणि टीप लिहा

मसुदा तीन प्रकारच्या लोकांना द्या. एक, बायबल पाठ असलेला: तो वचनांशी ताडेल. दोन, बायबल कधी न उघडलेला: तो कुठे अडतो तिथे तुम्ही गृहीत धरलंय. तीन, शेती केलेला: कापणीच्या पानांत हात कुठे, विळा कुठे, हे त्याच्याइतकं कोणी पकडत नाही. बेने इस्राएल, म्हणजे महाराष्ट्रातल्या यहुदी समाजातला, मराठी वाचक मिळाला तर त्यालाही द्या. त्यांचंही हे शास्त्र आहे. यहुदी परंपरेत शाबुओत सणाला रूथचं पुस्तक वाचतात. ख्रिस्ती वाचकाला न दिसणाऱ्या गोष्टी त्याला दिसतील.

वाचकांना 'कसं वाटलं' विचारू नका, उत्तर 'छान' येतं. कुठे कंटाळा आला, कुठे खोटं वाटलं, कोणती पात्रं एकसारखीच बोलतात, हे विचारा आणि पान क्रमांक मागा.

शेवटी पुस्तकाच्या मागे दीड-दोन पानांची लेखकाची टीप ठेवा. शास्त्रातून काय घेतलं, काय रचलं, जिथे अभ्यासकांचे मतभेद आहेत तिथे तुम्ही कोणती बाजू धरली, एवढंच. टप्पा दोनची वही जपून ठेवली असेल तर टीप एका बैठकीत होते: पहिल्या रकान्यातलं वाचकाला माहीतच असतं, तिसऱ्यातलं जे वापरलं ते लिहून काढायचं. कोणती पात्रं तुमची आहेत ती नावानिशी सांगा. नाहीतर पुढच्या वर्षी कोणीतरी तुमच्या मुकादमाचं नाव प्रवचनात बायबलमधलं म्हणून सांगेल.